प्रश्न सातवा

म्हापशात, चोरिसांवच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
माझं ऑफिस. शुक्रवारी खालचा बाजार
जिन्यापर्यंत चढतो: मडकी, खारं, मिरच्यांच्या माळा,
आणि त्या वासासकट वर येतात माझी गिऱ्हाइकं.

अर्ज सगळ्यांना एकच. अकरा प्रश्न, प्रत्येकी पाच गुण.
पंचावन्नपैकी जितके, तितकी तुमची छाती.
मी बेरीज करते, रबरी शिक्का मारते:
सावध, मध्यम, आक्रमक.

हेनिंग डेन्मार्कचा.
बायको शिवोलीची होती, म्हणून कार्ड आहे,
म्हणून सहा महिने इथे, सहा तिकडे.
प्रश्न सातवा: बाजार वीस टक्के पडला तर काय कराल?
अ, सगळं विकून टाकीन. ब, वाट पाहीन. क, आणखी घेईन.
त्याने कॉफी पिता पिता क वर खूण केली.
एकोणपन्नास गुण.

हाच हेनिंग घरामागच्या माडाखाली बसत नाही.
सावली सरकली की खुर्ची उन्हात ओढतो,
न जाणो, नारळ पडला तर.
पाणी तीनदा गाळतो. स्कूटरला हात लावत नाही.
वर्षातून चारदा म्हाबळूला बोलावतो:
सगळे काढ. कोवळेसुद्धा.

म्हाबळू पाडेली, सकाळी सातपासून दुपारपर्यंत तीस माड.
पायात काथ्याचा फास, कमरेला कोयता,
दोर नाही. खोडाला शेवाळ धरतं तेव्हाही नाही.
त्याने चष्मा लावून अर्ज वाचला,
सातव्याशी अडला.
"पडल्यार?"
बाजार, मी म्हटलं. बाजार पडला तर.
"हां, बाजार."
मग अ.
चौदा गुण. पैसे बँकेत, मुदतठेवीत, थोडे पोस्टात.
मेव्हण्याचा ट्रक खाण बंद झाल्यापासून
कुडचड्याला उभा आहे, स्टिअरिंगमधून वेल गेलाय,
त्याचे हप्ते यानेही भरले होते.

माडावर भीती नाही वाटत?
"माड वळखीचे आसात, बाय."

(माझे स्वतःचे गुण एकतीस. मध्यम.
मी कधी कशावर चढलेच नाही.)

हेनिंगलाही विचारलं होतं, धाडस कुठून येतं म्हणून.
तो हसला नाही. म्हणाला, दोन हजार आठ साली
माझं अर्धं गेलं. त्याच महिन्यात पेन्शन आलं,
गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिल आलं नाही.
मी शूर नाही. माझ्याखाली जाळी आहे.

अर्जात जाळीचा रकाना नाही.
तसं मी मुंबईच्या मुख्य ऑफिसला लिहिलं.
आपल्या सूचनेबद्दल आभार, असं उत्तर आलं.

जूनमध्ये बाजार खरंच पडला.
हेनिंग तिकडे होता. मेलमध्ये एकच शब्द: घ्या.
त्याच आठवड्यात म्हाबळू जिना चढून आला,
प्लास्टिकच्या पिशवीत ठेवींच्या पावत्या.
मोडायच्या होत्या. सगळ्या.
सुलक्षा नर्स झालीय, डब्लिनला जायचंय,
पर्वरीचा कुणी एजंट, सात लाख, रोख.
आणि पावती?
पावती देत नाहीत म्हणे.

मी धंद्याचा आवाज काढला. म्हटलं, यात जोखीम फार आहे.
तुम्ही त्या माणसाला ओळखता का?
त्याने कोयता टेबलाच्या पायाशी टेकवला,
गळ्यातल्या पंचाने मान पुसली.
"ताका न्हय," म्हणाला. "तें वळखीचें."

तें म्हणजे सुलक्षा, हे कळायला मला
पंखा तीनचार वेळा फिरावा लागला.

अर्ज दर वर्षी नव्याने भरून घ्यायचा, असा नियम आहे.
आज पुन्हा भरून घेतला. डब्लिनहून काही कळलं का,
ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
सातव्या प्रश्नाला पुन्हा अ,
पेन इतकं दाबून
की खाली ठेवलेल्या हेनिंगच्या कोऱ्या अर्जावर
तीच खूण उमटली आहे, शाईशिवाय.
तिरपं धरलं की दिसते.