आधी पातळ

अवधान एमआयडीसी, धुळे. रात्रपाळी.
ट्रेवर चारशे गोळ्या, तांदळाच्या कणीएवढ्या,
प्रत्येकीच्या डोक्यात एक तार.
टँटलमची भुकटी दाबून, निर्वात भट्टीत भाजून
दुपारच्या पाळीनं ठेवून दिलेल्या.

ललिता पावरा धडगावची, आयटीआय करून आलेली.
मावशी, ह्या भरीव ना?
नाही गं. आत भोकंच भोकं,
माशा उडून गेलेलं पोळं.

पहिला हौद आम्लाचा. हळूहळू व्होल्ट चढवायचे,
कातडी धरत जाते:
तिसाला जांभळी, चाळिसाला निळी.
रंग कुणी लावत नाही, जाडीच तशी दिसते.
माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
रंग लावाच नही, ते उना कोठून?

मग मँगनीजचं फिकट गुलाबी पाणी.
बुडव. थांब. उचल. भट्टीत, दोनशे सत्तरवर.
तांबूस धूर नळीतून वर जातो,
गुलाबी जातं, काळं राहतं.
पुन्हा बुडव.
आधी पातळ, बऱ्याच वेळा पातळ,
दाट शेवटी.

परवा ललितानं चौथ्यालाच दाट घेतलं.
सातची बस गाठायची होती.
गोळ्या वरून अशा काळ्याभोर, लकाकत्या!
मीटरला लावल्या तर निम्म्याही भरल्या नव्हत्या.
तोंडं मिटलेली, आत तसंच रिकामं.
साहेब ओरडले नाहीत.
डब्यात ओतताना आवाज आला फक्त,
सुपातून ज्वारी सांडल्याचा.

माझं पहिलं वर्ष मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, गळती सगळ्यांनाच असते,
शून्य दाखवलं तर आधी मीटर तपास.
कातडीला चीर गेली की
तिथलं काळं तापतं,
स्वतःतला प्राणवायू देऊन टाकतं,
आणि तेवढ्या जागेपुरती वीज अडते.
बाकीची गोळी चालते, वर्षानुवर्षं.

मग ते काळं? ते होतं का परत पहिल्यासारखं?

मी ट्रे उचलला.
अकरावी बुडी. आग्रा रोडवर कंटेनर गेला,
हौदातलं पाणी किंचित थरथरलं,
ते निवेपर्यंत थांबले.

पुढच्या दिवाळीनंतर पॉलिमरची लाइन येणार म्हणतात,
ही भट्टी नको, हा धूर नको.
बरंच आहे.
कळण्याचं पीठ मळताना अजून
उजव्या अंगठ्याचं नख मी आत दुमडून घेते.