कमी भरतंय

हरसूलच्या पुढे डांबर संपतं,
मग जीपही नाद सोडते, आणि उरतात आपले पाय.
कॅम्प म्हणजे कारवीच्या कुडाच्या दोन झोपड्या,
शेणानं सारवलेल्या. तिसरी अर्धीच,
तिच्या आडोशाला गोणपाट, एक बादली,
बादलीवर खडूनं लिहिलेलं : अर्धीच वापरा.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी.
वनमजूर चिंतामण भोये वाढता वाढता सांगतो :
अत्तर नको, विडी नको,
खोकला आला तर गिळायचा,
आणि रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही.
मोठं जनावर म्हणायचं.

बुद्धपौर्णिमेची मोजणी. मला एक कागद मिळतो.
वेळ. प्राणी. नर. मादी. पिल्लू. शेरा.
मी मनात हसते.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटा मोजल्या मी,
सगळ्या दुसऱ्यांच्या.
एक जरी कमी भरली
तर पाळी सुटायची नाही, गेट उघडायचं नाही,
पोरगं शाळेच्या पायरीवर बसून राहायचं.
अंगठ्याला अजून सवय आहे,
काहीही दिसलं की तो हवेत एक कागद सारतो.

मचाण ऐनाच्या झाडावर.
खाली पाणवठा. पाणवठा कसला,
खडकातलं एक डबकं,
झिरप्यावर जगणारं,
चंद्रसुद्धा त्यात अख्खा मावेना.

सात चाळीस. ससा, एक.
नर की मादी, कोण विचारणार त्याला?
आठ दहा. रातवा.
पाखरं नाही मोजायची, चिंतामण कुजबुजतो,
पण रातवा ऐकत नाही,
फरशीवर गोटी टाकावी तसा टकटकत राहतो.
नऊ ते अकरा : डास.
अकरा वीस. साळिंदर.
आधी काट्यांची खुळखुळ आली, मागून ते.
पाणी पिताना त्याचं नाक इतकं मऊ दिसलं
की शेऱ्याच्या रकान्यात मी काहीतरी लिहिलं
आणि खोडलं.

दीडला लांबवर भेकर भुंकलं. दोनदा.
चिंतामणनं माझ्या मनगटावर बोट टेकवलं.
किती वेळ, कोण जाणे.
काही आलं नाही.

मग तीनला आल्या.
चौघी, एकीमागे एक,
डोक्यावर हंडे, कमरेला वाटी खोचलेली.
शेवटची असेल नऊ-दहा वर्षांची, पेंगत चालणारी.
डबक्याशी बसून वाटीवाटीनं भरत राहिल्या.
वाटी खडकाला घासायची
तेवढाच आवाज साऱ्या रानात.
एकीनं वर पाहिलं. "मामा, कोन बसलंय आज?"
"पाहुनी. जनावरं मोजाय आलीय."
"मंग? दिसली का?"
चिंतामणनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.

चार हंड्यांना पाऊण तास.
मादी : तीन. पिल्लू : एक.
लिहिलं नाही.
पण अंगठ्यानं मोजलं होतं.

उजाडल्यावर खाली उतरलो.
चिखलात टाचाच टाचा,
आणि त्यातल्या एका टाचेच्या खळग्यात
चार बोटं, एक गादी, नखं नाहीत.
कडेनं पाणी अजून झिरपत होतं आत.
आमच्या खालूनच गेलेलं.
आम्ही चहाचा थर्मास उघडत होतो तेव्हा बहुधा.
चिंतामण उकिडवा बसला, वीत लावली.
"त्या भरून जाईपर्यंत थांबतं ते," म्हणाला. "रोजचंच हाये."
मी त्या ठशाला हात लावला. गार होता.

आठला वनरक्षक तक्ते गोळा करायला आला.
ससा एक, साळिंदर एक.
"एवढंच, मॅडम?"
कमी भरतंय, मी म्हटलं.
"चालतं हो, इथं असंच असतं,"
आणि कागदाची घडी त्याच्या खिशात गेली.
कुणी गेट लावलं नाही.

निघताना गोणपाटाआड गेले हात धुवायला.
बादली काठोकाठ भरलेली.
ती कुणी भरली, हे काल विचारलंच नव्हतं मी.
तशीच जीपकडे चालू लागले,
अंगठ्याला चिखल घेऊन.