नऊ सेंटिमीटर पाणी

डॉक्टर फालेरोंनी कागदावर आकडा लिहिला: नऊ.
"नऊ काय?"
"नऊ सेंटिमीटर पाणी. हा हवेचा दाब पाण्यात मोजतात."
मला हसू आलं.
एकतीस वर्षं मी चोडणची फेरी चालवतो.
बोटीखाली नऊ सेंटिमीटर पाणी असतं
तर ती चिखलात रुतली असती
आणि उतारूंनी माझ्या आईचा उद्धार केला असता.

पण गळ्यातली वाट अरुंद.
तेवढ्यावर तरते म्हणे.

मी हे फारसं कुणाला सांगत नाही, पण
जानेवारीतल्या एका दुपारी,
सपाट नदी, समोर रायबंदरचा धक्का,
मी डोळे उघडे ठेवून झोपलो.
रॅम्प आदळला
आणि पिएदादच्या पाटीतले बांगडे
स्कूटरींच्या चाकांखाली गेले.
कुणी मेलं नाही.
बांगड्यांचे पैसे मी भरले.
ते कमरेला खोचत ती म्हणाली,
"बाब, रातची न्हीद पडना तुका?"
पडते की. दहा-दहा तास.
चार घरांपलीकडचे शेजारी साक्षीला आहेत.

मग बांबोळीला तारा लावून एक रात्र निजवलं.
तासाला अठ्ठेचाळीस वेळा थांबत होतो मी.
फेरीसुद्धा एवढी थांबत नाही.

पहिल्या रात्री नाकावर मुखवटा,
डोक्यामागून पट्टे, पुढे लोंबणारी नळी.
नातू म्हणाला,
"आजोबा, चवथीला अजून दोन महिने आहेत!"
त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं
तर वाराच बाहेर आला, शब्द नाही.
वीस मिनिटांत काढून ठेवलं.
दुसऱ्या रात्री चाळीस.
तिसऱ्या रात्री कधी काढलं आठवत नाही,
सकाळी ते पलंगाखाली फुसफुसत होतं,
माझ्या चपलांना श्वास देत.
आणि हे यंत्र सगळं लिहून ठेवतं.
आमच्या लॉगबुकासारखं
त्याला समजावता येत नाही.

माझे वडील मानशीवर होते राखणीला.
बांधातली लाकडी दारं,
भरतीला आपोआप मिटायची,
ओहोटीला आपोआप उघडायची.
तरी ते रात्रीतून दोनदा कंदील घेऊन जायचे.
"दारं आपली आपण चालतात, मग तुम्ही कशाला?"
"एखादं लाकूड अडकतं," ते म्हणाले,
"दार काय ओरडून सांगणार आहे?"

माझं दार ओरडत होतं, बावीस वर्षं.
सुलक्षा ऐकत होती.
त्याहून जास्त, मधलं गप्प होणं ऐकत होती.
घोरणं थांबलं की मोजायची:
बारा, तेरा, चौदा.
विसाला कोपर.
मला वाटायचं, हिला माझी झोप बघवत नाही.
शेवटी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली,
आणि तिथूनही मोजत राहिली,
हे मला आता कळतंय.

काल रात्री वीज गेली.
तोंडावर ओली गोणी पडावी तसा जागा झालो.
मुखवट्यात माझाच शिळा श्वास.
काढून बसलो काळोखात.
दारात सुलक्षा, टॉर्चचा उजेड पायांकडे धरलेला.
"काय झालं?"
"काही नाही. आवाज बंद पडला."
"त्या यंत्राला कुठला आवाज?"
"आहे," ती म्हणाली. "पाणी उतरताना असतो तसा."
खुर्चीत बसली.
आम्ही गॅसच्या सिलिंडरबद्दल बोललो,
तिच्या भावाच्या खटल्याबद्दल,
पिएदाद हल्ली दिसत नाही त्याबद्दल.

वीज आली. फ्रिज कण्हला.
मी मुखवटा चढवला,
तिनं मागचा पट्टा जरा सैल केला,
"नाकावर वळ उठतो रे."
मला काही बोलायचं होतं,
पण वारा सुरू झाला होता.

सकाळी यंत्रावर आकडा: पाच तास, चाळीस मिनिटं.
खुर्चीत टॉर्च पडलेला,
रात्रभर चालू राहून
विझलेला.