चार बोटं

एक डिसेंबर. आजपासून कायद्यानं हिवाळी टायर.
आमच्या आर्विडस्यौरला या दिवसांत सूर्य
जेवणाच्या सुट्टीपुरता येतो,
तोही डबा न उघडता परत जातो.
दुकानासमोर गाड्यांची रांग,
प्रत्येकीच्या टपावर बर्फाची गादी.

रांगेत शेवटी एलोफ. वय बावीस.
गाडी जुनी, मागच्या चाकांनी ढकलत नेणारी.
कारखान्यानंच जुळवलेली जोडी तिची:
पुढे दोनशे पंचवीस, पंचेचाळीस.
मागे दोनशे पंचावन्न, चाळीस.
"मागचे दोनच बदल, गुनवोर," म्हणाला
आणि डिकीतून काढले याल्मारमामाच्या कोठारातले दोन,
बिनखिळ्यांचे, जवळजवळ कोरे.
मामा ऑगस्टात गेला. टायर राहिले.

मी बाजूवरचा चिखल अंगठ्यानं पुसला.
दोनशे पंचावन्न. ठीक.
पंचेचाळीस.
घोडं पेंड खातं ते इथे.

"रुंदी तीच. रिमही अठराचीच. मग?"
अरे, पंचेचाळीस म्हणजे मिलिमीटर नव्हेत,
रुंदीचे टक्के आहेत ते.
टायर रुंद झाला की तेवढेच टक्के उंच होतात.
म्हणून तर मागे चाळीस,
चारही चाकांचे खांदे एका रेषेत यावेत म्हणून.

पटेना त्याला.
मग पुढचं चाक काढलं, खडूची रेघ मारली,
फरशीवर एक पूर्ण फेरा लोटलं.
त्याच्या शेजारून मामाचं.
दोन रेघांमध्ये हात ठेवला:
अंगठा सोडून चार बोटं.

"चार बोटं!" एलोफ हसला.

गाडीत एक हिशेबनीस बसलाय, पोरा.
त्याला रस्ता दिसत नाही, बर्फ दिसत नाही,
मध्येच उभं राहिलेलं रेनडिअर तर नाहीच.
तो फक्त ऐकतो: चार चाकांची पावलं,
तू स्टिअरिंग किती वळवलंस,
आणि गाडीचं नाक खरंच किती वळलं.
मामाचे टायर किलोमीटरमागे एकोणीस फेरे कमी घेतील.
तो दचकेल. कोरड्या, सरळ रस्त्यावर
नसलेल्या घसरणीला ब्रेक लावेल.
हे एक वेळ परवडलं.
पण सवय झाली त्याला,
आणि खरी घसरण आल्यावर म्हणाला,
हे तर रोजचंच...

"मी बसवणार नाही," म्हटलं.
त्यानं घरीच बसवले.

गुरुवारी परत आला. काचेमागे पिवळा दिवा,
दोन नागमोडी रेघा सोडत जाणारी इवलीशी गाडी.
काय झालं ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही. जॅक लावला.
चाळीसवाले दोन नवे. अर्धे पैसे रोख,
उरलेल्याची लाकडं फोडून देईल.
मामाचे टायर त्यानं डिकीत ठेवले,
झोपलेल्या कुत्र्याला उचलावं तसे.

त्याला एक सांगितलं नाही.
ही यंत्रं नवी होती तेव्हाची गोष्ट.
माझ्याकडे योग्य मापाची जोडी नव्हती,
सुईणबाई रांगनहिल्डला रात्रीच निघायचं होतं.
मी होते ते बसवले. दिवा पेटला,
तर त्यावर काळी चिकटपट्टी लावली.
"सेन्सर नाजूक असतात," असं म्हणालेही.

तळ्याच्या वळणावर सापडली ती, गाडी उलटी,
एक पाय कायमचा आखूड.
बाळ मात्र तिच्याविना नीट जन्मलं, हे ती हसून सांगते.

अजून येते दर डिसेंबरला.
लंगडत आत येते, कॉफी ओतून घेते.
तिची चारही चाकं मी दोनदा मापते, खडूनं,
आणि पैसे घेत नाही.
तिला वाटतं, जुन्या गिऱ्हाईकाला सवलत.