पिवळं निशाण

खसबच्या बाहेर नांगर टाकून आज तिसरा दिवस.
डोंगर इतके जवळ, की खिडकीतून हात लावावा,
पण आमच्या मजल्याला खिडकी नाही.
हे सगळं इनास सांगतो. तो वर जाऊन येतो
ब्लीचचा डबा घेऊन, कठडे पुसायला.
म्हणाला, झाड औषधाला नाही रे,
नुसता दगड,
आणि खाली पाणी असं निळं
जसं कुणाला काही झालंच नाही.

मी शून्य मजल्यावर. लाँड्रीत.
इथे बातमी पिशवीतून येते.
पांढरी पिशवी म्हणजे माणूस झोपला, उठला, फिरायला गेला.
लाल पिशवी म्हणजे पोट.
परवा लाल अकरा होत्या.
काल सत्तर.
आज लाल मोजायच्या सोडल्या,
पांढऱ्या मोजतो.

लाल पिशवी उघडायची नसते.
गाठीसकट मशीनमध्ये टाकायची,
गरम पाण्यात तिचं प्लास्टिक साखरेसारखं विरघळतं.
कुणाची, किती रात्रींची,
ते फक्त पाण्याला कळतं
आणि पाणी निघून जातं.

स्पीकरवरची बाई मधाळ आवाजात म्हणते,
काही पाहुण्यांना किरकोळ त्रास.
बुफेतले डाव काढून घेतलेत.
मीठ-मिरीच्या कुप्या गायब.
कप्तान हात मिळवत नाही, कोपर पुढे करतो,
फोटोवाला त्याचेही फोटो विकतो.

सहाशे बारामधला म्हातारा.
मला त्याचं नाव माहीत नाही, उशी माहीत आहे.
मधोमध तेलाचा डाग असायचा,
घरून आणलेलं काहीतरी थापत असावा डोक्याला,
आमचे अण्णा थापायचे तसं.
काल ती उशी आली नाही.
आज सगळी खोली आली, पडद्यांसकट.
फुलांचा फ्रीज रिकामा केला म्हणतात.
जेवणघरात टेबलाटेबलावर एवढे गुलाब
एकाएकी कुठून,
कुणी विचारलं नाही.

रात्री चारला इनास वाकला,
इस्त्रीच्या रोलरला धरून.
तोंड पुसलं आणि म्हणाला, कोणाक सांगा नको.
नऊ दिवसांनी त्याला दुबईत उतरायचंय,
वेंगुर्ल्याला मुलीचं पहिलं कम्युनियन.
आजारी माणसाला उतरवत नाहीत,
आधी कोंडतात, मग विसरतात.
मी मीठ-साखरेचं पाणी दिलं.
त्याची चादर लाल पिशवीत भरून
दोनशे चारच्या ढिगात सरकवली.
डॉक्टरच्या यादीत दोनशे चारची बाई
एकदा जास्त आजारी पडली.

सकाळी तो पुन्हा वर गेला, कठडे पुसायला.
त्याच हातांनी.
मी काही बोललो नाही.
हे मी आता लिहितोय, तेव्हाही बोललो नाही.

येऊन सांगतो, पिवळं निशाण चढवलंय.
रोडेल जुना खलाशी, तो हसला.
पूर्वी म्हणे पिवळं म्हणजे रोग, लांब राहा.
आता पिवळं म्हणजे
माझं जहाज निरोगी आहे, मला आत घ्या.
रंग तोच. कापड बहुतेक तेच.
बंदरातून अजून कुणी आलेलं नाही.
इराणहून छोट्या बोटी येतायत मात्र,
बकऱ्या उतरवतात, खोकी भरतात, वाऱ्यासारख्या परत.
बकऱ्यांना कुणी काही विचारत नाही
असं इनास म्हणतो, आणि भिंतीला टेकतो.

मशीन चौऱ्याहत्तर अंशांवर थरथरतंय.
काचेमागे लाल रंग आधी गुलाबी होतो,
मग काहीच नाही.
पांढऱ्या पिशव्या: चार.
माझ्या पोटात मघापासून काहीतरी फिरतंय.
भूक असेल.
नाश्ता केलाय, तरी
भूकच असेल.