वाईटातला वाईट दिवस

फॉर्मवर वाईटातला वाईट दिवस लिहा,
सल्ला केंद्रातली बाई म्हणाली.
चांगले दिवस सरकारला कळू द्यायचे नसतात.

म्हणून नेरिस पेन घेऊन बसली,
माझी बहीण, नखांत अजून बेकरीचं पीठ.
मोजे स्वतः घालता येतात?
नाही, तिनं लिहिलं.
बटाटा सोलता येतो?
दोघंही हसलो. गेल्या नाताळात मी सोललेला तो एक,
सोलून सोलून गोटीएवढा उरलेला.
नाही.

चाळीस पानं.
ट्रेडेगरवर डोंगराआडून चारलाच अंधार उतरला.
माझ्या नावापुढचं एकेक क्रियापद
ती खोडत गेली.

‘तुमच्यासाठी कोण, काय करतं?’
इथं मात्र अडली.
रात्री दोनदा कूस बदलून देते, एवढं लिहिलं.
तेव्हा काहीतरी गुणगुणते, ते नाही.
चौकट लहान होती.

पाकीट चिकटवताना म्हणाली,
सगळं खोटं वाटतंय रे,
आणि एक शब्द खोटा नाही.

मार्चमध्ये कार्डिफहून तपासनीस आली.
कोट काढता काढता विचारलं, कसे आहात?
आणि मी, आईनं लावलेल्या वळणानं,
म्हणालो, मजेत.

तिनं ते लिहून घेतलं.