कुसळं

चौथ्या दिवशी वेल्ह्याची एसटी स्वारगेटला थांबली
तर उतरायच्या तीन पायऱ्याच तोरण्याहून अवघड.

पहिल्याच रात्री, कात्रजच्या पाचव्या टेकडीवर
मुरमावरून पाय सटकला, मी बसूनच घेतलं.
मृदगंधा, जा तू पुढे, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
बाटलीच्या झाकणातून पाणी दिलं, औषधासारखं,
आणि शेजारी बसून बुटाची नाडी
सोडून पुन्हा बांधत राहिली.

आज धनकवडीच्या गच्चीवर मोजे वाळत घालताना
समोर तीच रांग.
अकरा वर्षं याच दोरीवर कपडे,
टेकड्या कधी मोजल्या नव्हत्या.
एक, दोन… पाचवीपाशी बोट थांबतं,
गुडघा आपोआप वाकतो.

मोज्यांतली कुसळं मात्र
धुऊनही निघत नाहीत.
राहू देत.